येझदीचा डावा नट का सुटतो

ज्याच्याकडे जुनी जावा नाहीतर येझदी मोटरसायकल आहे त्याच्या टूलबॉक्समध्ये सी-पाना असतोच, नसेल तर तो माणूस गाडी फक्त फोटोला बाहेर काढतो असं खुशाल समजा. सिलेंडरला जिथं बेंड पाईप (धूर सायलेन्सरकडं नेणारा वाकडा पाईप) बसतो तिथं पाकळ्या पाकळ्यांचा गोल नट असतो, तो फिरवायला हा पाना. साधा रिंग पाना तिथं बसत नाही, पाईप रिंच लावला तर पाकळ्या चेंगरतात आणि छिन्नी-हातोडी लावणाऱ्यांबद्दल मी काय बोलणार, बोललो तर घरचे हा ब्लॉग वाचतात.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यात 1961 पासून जावा बनायला लागली, मग 1973 च्या सुमारास येझदी नाव आलं, आणि 1996 ला कारखाना बंद पडला. जुन्या 250 सीसीचं इंजिन टू स्ट्रोक, सिलेंडर एकच, 65 मिलीमीटरचा बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि 75 चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव). पण सायलेन्सर दोन! सिग्नलला उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच "दोन सिलेंडर आहे काय ओ ही?" आणि आपण नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. एकाच सिलेंडरला पुढं दोन तोंडं, एक डावीकडं एक उजवीकडं, दोन बेंड पाईप, दोन सायलेन्सर. म्हणजे नट पण दोन आणि लीक व्हायच्या जागा पण दुप्पट.

आता टू स्ट्रोक म्हणजे प्रत्येक फेऱ्याला धमाका. 3000 आरपीएमवर सेकंदाला 50 वेळा गरम गॅसचा दणका त्या जॉइंटवर बसतो, वर एका मोठ्या पिस्टनचं व्हायब्रेशन, वर गरम होऊन फुगणं आणि थंड होऊन आकसणं, परत आपले रस्ते. त्यामुळं नट थोडाफार ढिला होणार हे धरूनच चालायचं, अधूनमधून सी-पान्यानं चेक करायचं एवढी शिस्त पाहिजे. पण दोन्ही नट सारखेच ढिले व्हायला पाहिजेत ना? दोघांना दणका एकच, उष्णता एकच. माझ्या गाडीचा मात्र कायम डावाच सुटायचा. उजवा महिनोन्महिने जागचा हलायचा नाही आणि डावा गगनबावड्याला जाऊन आलं की बोटानं फिरतोय. ही पोस्ट त्या डाव्या नटाबद्दल.

गाडी 1975 ची, इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याकडून घेतली, शेडमध्ये सुताच्या कोनांच्या मागं उभी होती. इंजिन चांगलं निघालं, गिअरबॉक्स चांगला, बाकी सगळं खडखड. ती आणली तेव्हाच डाव्या नटाच्या चार-पाच पाकळ्या तुटलेल्या होत्या आणि उरलेल्यांवर छिन्नीचे घाव, उजव्या नटाचा क्रोम मात्र अजून शाबूत. ह्याचा अर्थ माझ्या आधी पण तो डावाच सुटत होता आणि प्रत्येक मेस्त्रीनं तो ठोकून ठोकून आवळला होता. हे चिन्ह लक्षात ठेवा, जुनी गाडी घेताना नटाच्या पाकळ्या बघा, गाडीचा अर्धा इतिहास तिथं कळतो.

लीक आहे हे ओळखायला फार डोकं लागत नाही. जॉइंटच्या खाली काळं चिकट तेल ओघळतं, सिलेंडर थंड ठेवणाऱ्या पुढच्या पंख्यांवर (धातूच्या पट्ट्यांवर) काळा डाग पडतो, पँटच्या पायावर ठिपके येतात (घरी बोलणी). आवाज बदलतो, तो गोल घुमणारा आवाज जाऊन फाट् फाट् असा कोरडा आवाज यायला लागतो. पण नक्की कुठून लीक आहे हे बघायचं असेल तर माझी पद्धत उदबत्तीची. गाडी थंड असताना चालू करायची, आयडलिंगला ठेवायची, पेट्रोल कुठं गळत नाही ना हे आधी बघायचं आणि मग पेटवलेली उदबत्ती जॉइंटच्या भोवती हळूहळू फिरवायची. जिथं धूर थरथरतो नाहीतर फुंकर मारल्यासारखा उडतो तिथं लीक. दुसरं म्हणजे जाड हातमोजा घालून फडक्यानं एका सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबायचं, प्रेशर वाढलं की जॉइंट फुसफुसतो. ही तपासणी थंड गाडीवरच करायची, एकदा का पाईप तापला की तो हाताची कातडी ठेवून घेतो.

माझ्याकडं उदबत्ती दोन जागी नाचली. एक नटापाशी, हे माहितीच होतं. दुसरी बेंड पाईप जिथं सायलेन्सरमध्ये घुसतो तिथं, आणि ती पण फक्त डावीकडं. तिथंच मला पहिल्यांदा शंका आली की नट बिचारा उगाच मार खातोय.

मग सगळं खोलायचं ठरवलं. नट कित्येक वर्षांच्या कार्बननं जाम. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी टाकी काढून लांब नेऊन ठेवली (आग जवळ आणायची असेल तर टाकी काढणं ह्यात चर्चाच नाही), ब्लो लॅम्पनं फक्त नट तापवला. नट तापला की फुगतो आणि आतले आटे सोडतो, सिलेंडर तापायच्या आत पाना लावून फिरवायचा. एकदम झटका द्यायचा नाही, थोडं सोडायचं, परत आवळायचं, परत सोडायचं, कार्बनचा चुरा बाहेर पडत राहतो. निघाला. आत जुनं पॅकिंग होतं, पांढरट दोरीसारखं. जुन्या काळी तिथं अ‍ॅस्बेस्टॉस वापरायचे, त्यामुळं असलं काही दिसलं की कोरडं खरवडायचं नाही, एअर मारायची नाही, पाणी मारून ओलं करायचं, मास्क लावायचा आणि ओलं असतानाच काढून पिशवीत बांधून टाकायचं. आमच्या गल्लीतला मेस्त्री हे ऐकून हसतो, हसू दे.

पॅकिंग काढल्यावर खरी गंमत कळली. बेंड पाईपच्या टोकाला जी कॉलर असते, म्हणजे पाईपचं तोंड बाहेर पसरवलेलं असतं, ती एका बाजूनं घासून पातळ झालेली. नट पूर्ण आवळला तरी तो कॉलर दाबायच्या आधीच आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकत होता. म्हणजे हाताला वाटतंय की काय जबरदस्त टाईट बसलाय आणि आत पाईप हलतोय. हे बघायची सोपी युक्ती आहे, पाईप न लावता नुसता नट हातानं शेवटपर्यंत फिरवायचा आणि तो कुठं थांबतो तिथं मार्करनं खूण करायची. मग पाईप आणि पॅकिंग लावून आवळायचा. खुणेच्या आधी थांबला तर पाईप दाबला जातोय, खुणेलाच येऊन थांबला तर तुम्ही नुसते आटे आवळताय, पाईप नाही. असल्या नटाला पान्यावर उभं राहून जोर लावला तर एकच होतं, सिलेंडरवरचे आटे जातात, आणि ते गेले की खर्चाचं नाव काढू नका.

माझे आटे पूर्ण गेले नव्हते पण पहिले दोन-तीन चेपलेले. नवीन नट बाजारात मिळतात, पण मी आणला तो डुप्लिकेट इतका हलक्या धातूचा की नखानं ओरखडा पडेल, आटे पण सैल. म्हणून शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा आहे बघा, फाउंड्री, लेथ, प्लेटिंग सगळं हाकेच्या अंतरावर आणि लेथवर बसलेला माणूस तुमच्या पार्टकडं एकदा बघून माप सांगतो. आमचे एक मामा आहेत तिथं, सख्खे नाहीत, उद्यमनगरात सगळेच मामा. त्यांनी सिलेंडर हातात घेतला, अंगठ्यानं आट्यांवरनं हात फिरवला आणि म्हणाले,

"आटं साफ करून देतो, आन त्याच मापाचा नट पाडतो. बाजारचा नट बसवू नगंस. पण मला सांग, ह्यो एकाच बाजूला का खाल्लाय?"

मी म्हटलं मामा व्हायब्रेशन.

"व्हायब्रेशन दुसऱ्या बाजूला सुट्टीवर हाय व्हय? मागं बघ की मर्दा. सायलेन्सर मागनं कोन वढतंय ते बघ."

एवढं बोलून ते परत लेथकडं वळले आणि मी चहा पीत विचार करत बसलो.

घरी येऊन बघितलं तर मामांचं बरोबर. सायलेन्सर मागं ज्या ब्रॅकेटला बोल्ट होतो तो डावा ब्रॅकेट आतल्या बाजूला वाकलेला. गाडी कधीतरी डावीकडं आडवी झालेली असणार, त्या बाजूचं फूटरेस्ट पण किंचित वर उचललेलं आहे, लेगगार्डला पण खरचटलंय. पाईप आणि सायलेन्सर नुसते लटकवून बघितले, कुठंच आवळलं नाही, तर सायलेन्सरचं भोक आणि ब्रॅकेटचं भोक ह्यात चांगलं करंगळीएवढं अंतर! आतापर्यंत प्रत्येकानं काय केलं असेल तर पुढचा नट आधी आवळायचा, मग मागं स्क्रू ड्रायव्हर घालून सायलेन्सर ओढून आणायचा आणि बोल्ट ठोकायचा. बसतो, दिसायला एकदम फिट दिसतो. पण त्या ताणानं पाईप तिकडं नटामध्ये तिरका होऊन बसतो, कॉलरची एक कड दाबली जाते, दुसरी मोकळी, आणि गाडी चालू झाली की तो ताण सेकंदाला पन्नास वेळा नटाला हलवत राहतो. नट सुटणार नाही तर काय होणार. माझं आता ठाम मत झालंय की जुन्या गाडीत जो नट वारंवार सुटतो त्याचा दोष नटात फार क्वचित असतो, काहीतरी दुसरं त्याला ओढत असतं, आणि ते दुसरं बहुतेक वेळा हातभर लांब असतं.

ब्रॅकेट सरळ करायला फार काही लागलं नाही, काढून व्हाइसमध्ये धरला, तापवला, लांब पाईप लावून हळू वाकवला, लटकवून बघितलं, परत काढला, परत वाकवला. कंटाळवाणं काम आहे पण ह्यात घाई केली तर परत तेच. भोक भोकाला आपोआप यायला पाहिजे, बोल्ट बोटानं आत गेला पाहिजे, हीच परीक्षा. दोन-तीन मिलीमीटरचा फरक राहिला तर मध्ये वॉशर टाकायचा, पण ओढून आणायचं नाही.

कॉलरसाठी पाईप बदलायचा विचार होता, पण मूळ पाईपचा बाक बाजारच्या पाईपला येत नाही, म्हणून गॅसवाल्याकडून कॉलरच्या पातळ बाजूला पितळ चढवून घेतलं आणि लेथवर तोंड सपाट केलं. आणि पॅकिंग तांब्याचं. तांब्याची रिंग पहिल्यांदा बसवताना मऊ असते, एकदा दाबली गेली की कडक होते, परत वापरायची तर आधी मऊ करून घ्यायला लागते. गॅसच्या शेगडीवर चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवायची, झालं. लोक ती लाल रिंग पाण्यात टाकतात आणि म्हणतात पाण्यानं मऊ होते, तसं काही नाही, तांबं तापवल्यानंच मऊ होतं, पाण्यानं फक्त वरची काळी पापडी सुटते आणि लवकर हातात धरता येते. शेगडी स्वयंपाकघरातली वापरणार असाल तर घरात कुणी नसताना वापरा. माझ्या बायकोनं "ह्या शेगडीवर आता भाकरी करू का वेल्डिंग?" असं विचारलेलं आहे.

लाल सिलिकॉन लावून मोकळे होणारे पण आहेत. मागच्या जॉइंटला, जिथं पाईप सायलेन्सरमध्ये जातो, तिथं पातळ लावलं तर चालतं. सिलेंडरच्या तोंडाशी नाही, तिथली उष्णता ते सोसत नाही, चार दिवसात जळून भुगा होतो आणि तो भुगा आट्यात जाऊन बसतो.

आता बसवायचा क्रम, हा मात्र नीट वाचा. आट्यांना थोडं कॉपर ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी ब्लो लॅम्प लागणार नाही. रिंग, पाईप, नट हातानं जाईल तेवढाच. मग सायलेन्सर पाईपवर सरकवायचा, मागचा बोल्ट हातानं. सगळं ढिलं असताना सायलेन्सर धरून हलवायचा, वर खाली, आत बाहेर, जिथं त्याला बसायचंय तिथं तो बसतो. मग पहिला पुढचा नट सी-पान्यानं पूर्ण. मग मधला क्लॅम्प. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून आणायची, गरम असतानाच मोजे घालून नट परत एकदा बघायचा, हमखास थोडा फिरतो. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत. त्यानंतर पण फिरत असेल तर मागं जाऊन ब्रॅकेट बघा.

ह्या निमित्तानं बाकीचे ढिले नटबोल्ट पण घेतले. इंजिन फाउंडेशनचे बोल्ट सगळ्यात आधी, कारण इंजिनच फ्रेममध्ये हलत असेल तर सायलेन्सर कितीही प्रेमानं बसवा, त्याला रोज ओढ बसणार. माझा एक बोल्ट हातानं फिरला! मडगार्ड, नंबर प्लेट, चेनकव्हर ह्यांना नायलॉक नट टाकले. पण नायलॉक इंजिन-सायलेन्सरजवळ टाकू नका, आतलं नायलॉन साधारण 120 डिग्रीपर्यंतच टिकतं, पुढं ते मऊ पडून नट साध्या नटासारखा होतो. निळं थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) पण तसंच, गरम जागी त्याचा जोर जातो. सायलेन्सरच्या मागच्या बोल्टला मी स्प्रिंग वॉशर आणि दुहेरी नट केलाय. काही लोक दोन्ही पाकळ्यांच्या नटांना तार बांधून एकमेकांना अडकवतात, चालतं, फक्त तार अशी ओढायची की नट सुटायला लागला तर ती ताणली जाईल, उलटी बांधली तर नुसतं डेकोरेशन.

सायलेन्सर निघालाच होता म्हणून त्याच्या आतली जाळी पण काढली. टू स्ट्रोकची जाळी तेलानं भरते, मी लिटरला 40 मिली ऑइल टाकतो त्यामुळं माझी तर भरतेच, आणि जाळी तुंबली की मागं गॅस अडतो आणि तोच गॅस पुढच्या जॉइंटमधून वाट शोधतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, चष्मा आणि रबरी हातमोजे पाहिजेतच, आणि अ‍ॅल्युमिनियमचा एकही पार्ट किंवा भांडं त्याच्या जवळ आणायचं नाही, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. सकाळी जाळी धुतली तेव्हा ती किती भोकांची आहे हे पहिल्यांदा दिसलं.

डाव्या सायलेन्सरला खालच्या शिवणीला गंजून दोन बारीक भोकं पडलीत, ती पण सापडली. हे जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांचं दुखणं आहे. चालू केली, महाद्वार रोडला जाऊन भाजी आणली, बंद केली, आतलं पाणी वाफ व्हायच्या आधीच गाडी थंड, आणि ते पाणी खाली साचून पत्रा आतून खातं. आठवड्यातनं एकदा पन्हाळ्यापर्यंत तरी नेऊन आणा, सगळं वाळून जातं. भोकं सध्या पितळानं बुजवली. क्रोम परत करायचा मोह होतोय पण प्लेटिंगच्या आधी पॉलिश करताना पत्रा अजून घासला जातो, आणि माझा पत्रा आधीच पापडाएवढा राहिलाय, त्यामुळं काळा हीटप्रूफ पेंट मारून ठेवलाय. दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. माझी हरकत नाही, जावा डेला (जावा-येझदीवाल्यांच्या वार्षिक मेळाव्याला) लोक नाक मुरडतील तर मुरडू देत.

नट त्यानंतर आंबा घाटात जाऊन आला तरी जागेवर आहे, मार्करची रेघ मारून ठेवलीय नटावर आणि सिलेंडरवर, ती तशीच जुळून आहे. आवाज पण परत गोल झाला, आयडलिंगला ते टू स्ट्रोकचं अडखळत चालणं आता दोन्ही सायलेन्सरमधून सारखं ऐकू येतं.

आता राहिलंय ते डावं फूटरेस्ट सरळ करणं, आणि टूलबॉक्सचं झाकण, ते खडखड वाजतं कारण आतली पत्र्याची स्प्रिंग गेलीय. ती बाजारात मिळत नाही. सांगली-कोल्हापूर-निपाणी बाजूला कुणाकडे जुन्या येझदीचा टूलबॉक्स भंगारात पडला असेल तर सांगा, नुसती स्प्रिंग दिली तरी चालेल, पैसे देतो आणि वर मिसळ.